रुसलेल्या दोन देवी: एलेफ्सिना ते ताकाचिहो

एका देवीची मुलगी पळवली, म्हणून ती रुसली आणि शेतं पिकेनाशी झाली. दुसरीच्या भावाने धिंगाणा घातला, म्हणून ती गुहेत जाऊन बसली आणि सगळीकडे अंधार झाला. पहिली ग्रीकांची डेमेटर, दुसरी जपानची आमातेरासू. दोघींच्या कथेत एक बाई पुढे येते आणि चक्क चावटपणा करते. डेमेटरला हसू येतं. जपानमध्ये जमलेले देव हसतात, आणि ते ऐकून आमातेरासू दार किलकिलं करते. या दोन्ही कथांच्या जागा आजही पाहता येतात. आधी ग्रीस केलं तर बरं, कारण तिथे नुसते दगड उरलेत आणि जपानमध्ये नाच अजून चालू आहे.

डेमेटरचं देवस्थान असलेलं एलेफ्सिना अथेन्सपासून साधारण २० किलोमीटरवर. मेट्रोच्या ३ नंबरच्या मार्गाने आगिया मारिनापर्यंत जायचं आणि पुढे बस. वाटेत रस्त्याच्या पाटीवर 'इएरा ओदोस' दिसतं, म्हणजे 'पवित्र रस्ता'. डेमेटरच्या गुप्त विधींची दीक्षा घेणाऱ्यांची मिरवणूक अथेन्सच्या केरामेइकोस भागातून याच वाटेने निघायची, फक्त आज तिच्यावर टायरची दुकानं आहेत. गावाला तेलशुद्धीकरण कारखाने आणि जुन्या गिरण्यांचा शेजार आहे. पोस्टकार्डावरचं ग्रीस हवं असेल तर इथे येऊ नका.

येण्याआधी दोन कामं करा. एक, होमरच्या नावावर सांगितलं जाणारं डेमेटर-स्तोत्र वाचा. जेमतेम पाचशे ओळी, तासाभराचं काम. दुसरं, अथेन्सच्या राष्ट्रीय पुरातत्त्व संग्रहालयात डेमेटर, तिची मुलगी पर्सेफोनी आणि मध्ये उभा, देवीकडून शेती शिकलेला कोवळा त्रिप्तोलेमोस असं मोठं शिल्पपट पाहून घ्या. मूळ शिल्प तिथेच आहे, एलेफ्सिनात त्याची प्रतिकृती. हे न करता आलेली मंडळी अर्ध्या तासात बाहेर पडतात, कारण गुडघाभर उंचीच्या भिंतींतून काहीच उलगडत नाही.

आत शिरताच मोठ्या दरवाजाच्या अवशेषांजवळ गोल बांधणीची विहीर लागते: कल्लिखोरोन, सुंदर नाचाची विहीर. पुढे डाव्या-उजव्या वळणांच्या नादी न लागता चढावर उजव्या हाताची उथळ गुहा बघा. ते मुलगी पळवणाऱ्या प्लूटोचं ठाणं, पाताळाचं दार. आणि मग तेलेस्तेरिओन, म्हणजे दीक्षेची जागा: सुमारे ५० मीटर लांब-रुंद चौरस सभागृह, त्यात एकेकाळी खांबांचं रान. ग्रीक देवळात एरवी भक्त बाहेर आणि मूर्ती आत. इथे उलटं, हजारो माणसं आत. टेकडीच्या बाजूला कातळात कोरलेल्या पायऱ्या शाबूत आहेत, त्यांवर लोक दाटीवाटीने थांबायचे. आत काय दाखवत, हे बाहेर सांगणाऱ्याला मृत्युदंड होता, आणि गुपित खरोखरच फुटलं नाही.

जे गुप्त नव्हतं ते जास्त गमतीचं. स्तोत्रात दुःखी डेमेटर राजवाड्यात येऊन गप्प बसते, अन्नाला शिवत नाही. इआम्बे नावाची दासी थट्टामस्करी करते तेव्हा कुठे ती हसते. दुसऱ्या परंपरेत ही बाई बाउबो आहे, आणि ती थेट वस्त्र वर करते. मग देवी दारू नाकारते आणि सातूचं पीठ, पाणी व रानपुदिन्याचं 'कीकेओन' मागून उपास सोडते. मिरवणुकीतही याची आठवण होती. केफिसोस नदीच्या पुलावर लोक प्रतिष्ठितांना नाव घेऊन शिव्या घालत. शिमगा माहीत असलेल्याला हे समजावून सांगावं लागत नाही.

सावली जवळपास नाही, संगमरवर गुळगुळीत झालाय. उन्हाळ्यात सकाळी दार उघडताच जा, पाणी आणि पकड असलेले बूट घेऊन.

आता क्यूशू बेटावरचं ताकाचिहो, मियाझाकी प्रांत. रेल्वे शोधत बसू नका: २००५ च्या वादळात पूल वाहून गेले आणि मार्ग कायमचा बंद झाला. कुमामोतोहून बसने साधारण तीन तास, नोबेओकाहून त्याच्या निम्मे. फेऱ्या मोजक्या, म्हणून परतीची वेळ आधी टिपून ठेवा.

गावापासून ७-८ किलोमीटरवर आमानो इवातो देवस्थान. बहुतेकांची चूक इथे होते. देवळासमोर हात जोडून, फोटो काढून परततात आणि आमातेरासू लपली ती गुहा राहूनच जाते. गुहा नदीपलीकडच्या कड्यात आहे. ती पाहायची तर कार्यालयात विचारायचं, मग पुजारी देवळामागच्या जागेवर नेऊन समोरचा कडा दाखवतात. फोटोला मनाई. गुहेत जाता येत नाही आणि झाडीमुळे ती नीट दिसतही नाही. मला हे योग्य वाटतं, लपलेल्या देवीची जागा दिसायला कशाला हवी?

हात धुण्याचाही क्रम आहे: पळीने आधी डावा हात, मग उजवा, मग डाव्या ओंजळीत पाणी घेऊन चूळ. पळीला तोंड लावायचं नाही. शेवटी पुन्हा डावा हात, आणि पळी उभी धरून दांडा धुवायचा. हे सगळं एकाच पळीभर पाण्यात, म्हणून सुरुवातीला सढळ हाताने ओतलं की पुढे कमी पडतं. देवापुढे दोनदा वाकणं, दोन टाळ्या, पुन्हा एकदा वाकणं.

तिथून नदीकाठाने दहा मिनिटांवर आमानो यासुकावारा. ही मोठी उघडी गुहा, भाविकांनी रचलेल्या दगडांच्या उतरंडींनी भरलेली. पाय सांभाळून टाका, उतरंडी पाडू नका. ७१२ सालच्या 'कोजिकी'नुसार देवांची सभा यासु नावाच्या स्वर्गीय नदीच्या पात्रात भरली, आणि ती जागा हीच असं इथे मानतात. आरसा घडवला, कोंबडे आरवायला लावले, आणि आमे-नो-उझुमे ही देवी पालथ्या पिंपावर पाय आपटत, छाती उघडी टाकून नाचली. आठ दशलक्ष देवांची सभा खदखदून हसली. मी इथे अंधारात बसलेय आणि हे हसतात कशाला, म्हणून आमातेरासूने दार किलकिलं केलं. 'तुमच्यापेक्षा थोर देवी आलीय' म्हणत देवांनी समोर आरसा धरला, आणि ताजिकाराओ या बलदंड देवाने हात धरून तिला बाहेर काढलं.

हे सगळं संध्याकाळी बघायला मिळतं. ताकाचिहो देवळाच्या सभागृहात रोज रात्री ८ ला तासभर कागुरा, म्हणजे देवांपुढचा नाच असतो, ३३ पैकी ४ नाच. चटईवर मांडी घालून बसायचं, पुढची जागा हवी तर लवकर पोचायचं. पूर्ण ३३ नाच बघायचे तर नोव्हेंबर ते फेब्रुवारीत गावोगावी रात्रभर जागावं लागतं. घराच्या एका बाजूने दारं उघडी असतात, थंडी हाडांत शिरते. यजमानांसाठी साकेची (तांदळाच्या मद्याची) बाटली किंवा पैशांचं पाकीट नेण्याची रीत आहे.

चारांतला शेवटचा नाच इझानागी-इझानामी या आद्य देव-जोडप्याचा. दोघं मद्य गाळतात, पितात, झिंगतात, एकमेकांच्या अंगचटीला जातात आणि मग मुखवट्यासकट प्रेक्षकांत घुसतात. पुढे बसलेल्यांनी याची तयारी ठेवावी. नऊच्या सुमारास खेळ संपतो, त्यामुळे मुक्कामाची खोली आधीच घेतलेली बरी.