एकच नदी, दोनदा

सतराव्या शतकात अमेरिकेतील मूळ रहिवाशांच्या कैदेत राहिलेल्या मेरी रोलंडसन या इंग्रज वसाहतवासी स्त्रीचे बंदिवासाचे कथन मी पूर्वी दोनदा वाचले होते. तरीही मोठा कागद पसरून त्याचा नकाशा काढायला बसलो, तेव्हा त्यातील एक नदी मला प्रथमच नीट दिसली. १६७६ च्या फेब्रुवारीत, मेटाकॉम या मूळ रहिवाशांच्या नेत्याने इंग्रज वसाहतवाल्यांशी छेडलेल्या युद्धात, मॅसॅच्युसेट्समधील लँकेस्टर वसाहतीवर हल्ला झाला. रोलंडसन मुलांसह पकडल्या गेल्या आणि अकरा आठवडे पाच दिवसांनी वीस पौंडांच्या खंडणीवर सुटल्या. १६८२ साली छापल्या गेलेल्या या कथनाचे भाग वीस ‘रिमूव्ह’नी, म्हणजे कैद्यांसह तळ हलवण्याच्या वीस खेपांनी, पाडले आहेत. या शब्दाला ‘मुक्काम’ म्हणावे की ‘मजल’, यावर माझा बराच वेळ गेला. मुक्कामात थांबणे आहे, मजलेत चालणे. मूळ शब्दात मात्र घरापासून आणखी दूर नेले जाण्याची कळ आहे, आणि ती दोन्हींत उतरत नाही.

गंमत अशी, की कागदावर ही वाट सतत दूर जात नाही. ती उत्तरेला कनेक्टिकट नदीपलीकडे जाते आणि वळून लँकेस्टरच्या पश्चिमेस असलेल्या वाचुसेट डोंगराशी परत येते. आकडा वाढत राहतो आणि घर जवळ येत राहते. पाचव्या मजलेत बॅक्वॉग नदी तराफ्यावरून ओलांडताना आपला पायही भिजला नाही, हे रोलंडसन देवाची कृपा म्हणून नोंदवतात. म्हातारे, आजारी, पाठीवर पोरे बांधलेल्या स्त्रिया असे सगळे पार झाले आणि मागून आलेले इंग्रज सैन्य मात्र त्याच काठावर थबकले, हेही त्या लिहितात. सोळाव्या मजलेत तीच नदी गुडघाभर पाण्यातून, शरीर चिरत जाईल अशा थंडीत ओलांडावी लागते. वाचताना मी या दोन वेगळ्या नद्या समजलो होतो; पेन्सिलीने मात्र दोन्ही वेळा एकच रेघ छेदली.

त्या या मुलखाला पुन्हापुन्हा ओसाड रान म्हणतात. ‘रान’ हा शब्द नकाशावर कुठे लिहावा, ते मला ठरवता आले नाही, कारण जिथे जावे तिथे मूळ रहिवाशांनी दिलेले नाव होते, आणि त्यांतील कितीतरी नावे रोलंडसन यांनी स्वतःच नोंदवली होती. अपवाद तिसऱ्या मजलेचा. तिथे सहा वर्षांची सारा मरण पावते, पेन्सिल पुढे सरकत नाही, मजकूर मात्र दाट होत जातो. पकडणाऱ्यांनीच मुलीला टेकडीवर पुरले आणि आईला ती जागा दाखवली. त्या टेकडीला कथनात नाव नाही.