हिवाळी अ‍ॅव्हरेज: सातपूरच्या साडेसहा किलोमीटरची वही

ऑक्टोबरची पहिली टाकी लिटरला १६.९ किलोमीटर. जानेवारीची पहिली टाकी १४.६. गाडी तीच, रस्ता तोच, अ‍ॅक्सिलरेटरवरचा पायही माझाच.

नव्या मंडळींसाठी थोडक्यात: १.२ लिटरचं पेट्रोल इंजिन, मॅन्युअल गिअर, रात्री उघड्या पार्किंगमध्ये मुक्काम. नाशकात गंगापूर रोडहून सातपूर एमआयडीसी, साडेसहा किलोमीटर. सकाळी सातच्या आत जायचं, चारला परत. हिशोब फुल टू फुल, म्हणजे एकदा टाकी भरल्यापासून पुन्हा भरेपर्यंत. एकाच पंपावर, एकाच मशीनवर आणि नोझल आपोआप बंद होतं त्या पहिल्या कटला थांबायचं. पंपावरचा पोरगा राउंड फिगर करायला लागला की मी अजूनही धावत जातो.

घरात या वहीला मान नाही. बायकोचं म्हणणं, हिवाळ्यात उलट पेट्रोल कमी लागतं, आणि तिचंही खोटं नाही. मे महिन्यात एसी लावून १४.१ पडलं होतं. आपल्याकडे बहुतेकांना थंडीतला तोटा दिसतच नाही, कारण एसी बंद झाल्याचा फायदा तो झाकून टाकतो. म्हणून मी ऑक्टोबरच्या उकाड्यातही खिडक्या उघड्या ठेवून, घाम पुसत चालवली. तुलना एसीविनाच्या टाक्यांचीच. मागच्या हिवाळ्यांचे आकडेही आहेत, पण तेव्हा पेट्रोलमध्ये इथेनॉल कमी होतं. लिटरमागे इथेनॉलमध्ये पेट्रोलपेक्षा जवळपास एक तृतीयांश कमी ऊर्जा असते, त्यामुळे ती पानं बाजूला ठेवली.

८ जानेवारीला गाडीच्या कॉम्प्युटरमधले आकडे दाखवणारा स्कॅनर लावून बसलो. सकाळी ६:५०, बाहेर १० अंश (तिकडे निफाडला याहूनही कमी असणार). कूलंट, म्हणजे इंजिन गार ठेवणारं पाणी, ११. स्टार्टर मारल्याबरोबर आरपीएम (इंजिनाचे मिनिटाला फेरे) १३५० आणि तिथेच रेंगाळलेले. ऑक्टोबरात कूलंट ८० अंशांना पोचायला साडेतीन किलोमीटर लागायचे, आता पाच. म्हणजे साडेसहापैकी जेमतेम दीड किलोमीटर इंजिन नीट तापलेलं, तेवढ्यात कंपनीचं गेट. संध्याकाळी दिवसभर उन्हात उभी राहिलेली तीच गाडी त्याच रस्त्याने परत आली. स्कॅनरच्या अंदाजाने सकाळी १२.५, संध्याकाळी १७.५. स्कॅनरच्या आकड्यांवर मी पैज लावणार नाही, पण दोन फेऱ्यांतलं एवढं अंतर खोटं नसतं.

पेट्रोल द्रवरूपात जळत नाही, त्याची वाफ व्हावी लागते. गार इंजिनात फवाऱ्यातलं बरंचसं पेट्रोल इनटेकच्या (हवा आत जाते त्या नळीच्या) भिंतींना चिकटून बसतं, म्हणून ईसीयू, म्हणजे इंजिनाचा कॉम्प्युटर, जास्तच सोडतो. अप्पांच्या, म्हणजे वडिलांच्या, जुन्या पद्मिनी गाडीला आम्ही चोक ओढायचो ते याचसाठी; आता ईसीयू आपल्याला न विचारता तेच करतो. शिवाय धूर साफ करणारा कॅटॅलिटिक कन्व्हर्टर तीनेकशे अंशांच्या आसपास तापल्याशिवाय कामाला लागत नाही. त्याला लवकर तापवायला आरपीएम चढे ठेवले जातात, स्पार्क मुद्दाम उशिरा दिला जातो. ते पेट्रोल गाडी पुढे ढकलायला नाही, सायलेन्सर गरम करायला जातं. वरून ऑइल घट्ट. गिअरबॉक्सचंही तेच, सकाळी दुसरा गिअर कुरकुरत पडतो तो त्यामुळे.

इथपर्यंत सगळं पटलं होतं. मग अमेरिकेच्या ऊर्जा खात्याचे आकडे वाचले आणि खटकलं. त्यांच्या हिशोबाने २५ अंशांवरून उणे ७ वर गेलं की साध्या पेट्रोल गाडीचं शहरातलं अ‍ॅव्हरेज साधारण १५ टक्के घसरतं. तीन-चार मैलांच्या फेऱ्या असतील तर २४ पर्यंत. माझी घसरण साडेतेरा टक्के. फेऱ्या छोट्या हे मान्य, पण नाशिक म्हणजे काही मिनेसोटा नाही. १० अंशांना एवढं जात असेल तर थंडीच्या नावावर दुसराच कोणीतरी खातोय.

पहिला चोर मीच निघालो. डिसेंबरपासून काचेवर दव साचतं. मी गाडी सुरू करून ठेवायचो आणि मग फडकं घेऊन काचा पुसायचो. तीन मिनिटं. वर अप्पांचा गॅलरीतून पाठिंबा, "तापू दे रे जरा आधी!" त्या तीन मिनिटांत स्कॅनर ताशी सव्वा लिटर दाखवत होता, म्हणजे साठेक मिली गेलं. माझं ऑक्टोबरचं दिवसाचं पेट्रोल पाऊण लिटरच्या आसपास. आठ टक्के तिथेच उभ्या उभ्या संपले. बरं, उभं राहून इंजिन तापतंही सावकाश. आता आधी पुसतो, मग किल्ली फिरवतो, वीस सेकंदांत निघतो आणि पहिले दोन-तीन किलोमीटर २००० आरपीएमच्या वर जात नाही. अप्पांना अजून पटलेलं नाही. पद्मिनीसाठी त्यांचं बरोबरच होतं, म्हणून वाद घालत नाही.

दुसरी चोरी टायरांची. ऑक्टोबरात भर दुपारी ३३ पीएसआय भरलेली हवा, जानेवारीच्या सकाळी माझ्या गेजवर २९. पंक्चर वगैरे काही नाही. दर साडेपाच अंशांना साधारण एक पीएसआय उतरतो, आणि दुपारचे ३४ अंश ते पहाटेचे १० हा फरक २४ अंशांचा. आता हवा सकाळी, गाडी फिरवायच्या आधी मोजतो.

एवढं करून जानेवारीच्या शेवटच्या टाकीला १५.९ आलं. म्हणजे खरी थंडीची घसरण सहा टक्क्यांच्या घरात. हे मला पटतं.

खात्री करायला एक लांबची फेरी हवी होती. सासरवाडी धुळ्याला असल्याचा असाही उपयोग. जाऊन-येऊन ३२० किलोमीटर, वेग ८०. धुळं नाशिकपेक्षा बरंच खाली आहे, त्यामुळे नुसत्या जातानाच्या आकड्याने कोणी हुरळून जाऊ नये; दोन्ही बाजू धरायच्या. ऑक्टोबरात २०.९ होतं, आता २०.३. तीन टक्के, बस्स. गार इंजिनाचे पहिले पाच किलोमीटर ३२० मध्ये विरघळून गेले. उरलेल्यात हवेचा वाटा असणार: १२ अंशांची हवा ३० अंशांच्या हवेपेक्षा सहा टक्के जड असते आणि ८० च्या वेगाला ती कापावी लागते. अर्थात पिंपळगावजवळ कांद्याच्या ट्रॅक्टरांमागे चाळीसने रांगलो, त्याने अ‍ॅव्हरेजला थोडा हातभार लावला असेल.

छोट्या फेऱ्या जोडणं हा यावरचा खरा उपाय, पण तो घरात राबवणं अवघड. दूध सकाळीच लागतं आणि क्लास संध्याकाळीच असतो.

आता ऑइल. हवा मोजताना ग्लोव्ह बॉक्समध्ये सप्टेंबरच्या सर्व्हिसिंगचं बिल सापडलं. गाडीच्या पुस्तिकेत ऑइलची ग्रेड ५डब्ल्यू-३०, बिलावर २०डब्ल्यू-४०. 'डब्ल्यू' म्हणजे विंटर. त्याच्या आधीचा आकडा जितका मोठा, तितकं ऑइल गारठ्यात घट्ट. म्हणजे त्या सहा टक्क्यांतही थोडा वाटा गॅरेजवाल्याचा असू शकतो. साडेतीन लिटर ५डब्ल्यू-३० आणून ठेवलं, रविवारी बदलायचं ठरलं, आणि त्या आठवड्यात पाहुणे आले. पुढच्या रविवारपर्यंत फेब्रुवारी निम्मा सरला होता आणि सकाळचा पारा १५ वर. आता ऑइल बदललं तर अ‍ॅव्हरेज वाढेलच, पण ते ऑइलने की उबेने, हे कळायला मार्ग नाही. तरी बदलतोय, इंजिनासाठी. वहीत त्या पानावर फक्त तारीख टाकली आहे आणि समोरचं पान डिसेंबरसाठी कोरं सोडलंय.