मागे घेतलेला शोधनिबंध पुसून का टाकत नाही?

कृषिविज्ञानाच्या एका शोधपत्रिकेचे संपादन मी गेली बारा वर्षे करते आहे. आमच्याकडचा एखादा निबंध मागे घेतला गेला, म्हणजे त्याचे रिट्रॅक्शन झाले, की एक प्रश्न हमखास येतो. विद्यार्थी विचारतात, प्राध्यापक विचारतात आणि अलीकडेच एका महाविद्यालयातल्या व्याख्यानानंतर तिथल्या ग्रंथपाल बाईंनीही तोच विचारला: "निबंध खोटा ठरला, तुम्ही तो मागे घेतला, मग तो अजून तुमच्या संकेतस्थळावर दिसतो कसा? काढून का टाकत नाही?" तिथे वेळ अपुरा पडला, म्हणून इथे सविस्तर लिहिते.

निबंध मागे घेणे ही लेखकाला दिलेली शिक्षा आहे, अशी समजूत या प्रश्नामागे बहुतेक वेळा असते. शिक्षा करायची तर ती लेखकाची संस्था करील. तो अधिकार आमच्याकडे नाही. आम्ही वाचकाला सूचना देतो, की या मजकुरावर विसंबू नका, आणि का विसंबू नये तेही इथे वाचा. निबंध एकदा प्रसिद्ध झाला, की तो प्रबंधांच्या संदर्भसूचीत जातो, कोणाच्या तरी फाइलमध्ये छापील प्रत म्हणून राहतो, दुसऱ्या निबंधाचा आधार होतो. आमच्याकडचे पान आम्ही पुसले, तर या सगळ्या ठिकाणची चूक तशीच राहते. ती चूक आहे हे सांगणारी जागा तेवढी नाहीशी होते.

याचे एक गाजलेले उदाहरण पाहा. १९९८ च्या फेब्रुवारीत 'द लॅन्सेट' या वैद्यकीय नियतकालिकात ब्रिटिश डॉक्टर अँड्र्यू वेकफील्ड आणि त्यांच्या १२ सहलेखकांचा निबंध आला. अवघ्या १२ मुलांच्या नोंदींवर उभ्या असलेल्या त्या निबंधामुळे गोवर, गालगुंड आणि रुबेला यांच्या एकत्रित लशीचा स्वमग्नतेशी (ऑटिझमशी) संबंध असावा, ही शंका जगभर पसरली. ब्रिटनमध्ये लसीकरणाचे प्रमाण घसरले. २००४ मध्ये सहलेखकांपैकी दहा जणांनी त्या अन्वयार्थापुरती माघार घेतली, आणि संपूर्ण निबंध मागे घेतला गेला तो २ फेब्रुवारी २०१० रोजी, डॉक्टरांची नोंदणी करणाऱ्या तिथल्या जनरल मेडिकल कौन्सिलच्या चौकशीनंतर. तो निबंध आजही उघडता येतो आणि त्याच्या पानांवर 'रिट्रॅक्टेड' असा लाल आडवा शिक्का दिसतो. "पण मोठ्या पत्रिकेत छापून आले होते ना?" असे एखाद्या पालकाने विचारले, तर डॉक्टरांना तो शिक्क्याचा कागद समोर ठेवता येतो. त्या जागी कोरे पान निघाले असते, तर सत्य दडपले गेले असे म्हणणाऱ्यांना आयते निमित्त मिळाले असते. एखाद्या रुग्णाची ओळख उघड होत असेल, मजकुरामुळे कोणाच्या जिवाला धोका असेल किंवा न्यायालयाचा आदेश असेल, तर मजकूर काढावा लागतो. पण तेव्हाही शीर्षक, लेखकांची नावे आणि कारण तिथे ठेवायचे असते.

आमच्याकडचे एक प्रकरण सांगते. सहा वर्षांपूर्वी एका समीक्षकांचे, म्हणजे छापण्याआधी निबंध तपासून देणाऱ्या तज्ज्ञांचे, पत्र आले. आधी दुसरीकडे छापून आलेला एक निबंध चाळत असताना त्यांना आमच्या जुन्या अंकातला एक तक्ता आठवला होता. मी दोन्ही निबंध छापून घेतले, टेबलावर शेजारीशेजारी ठेवले आणि पट्टी सरकवत एकेक ओळ ताडून पाहिली. मातीचे नमुने दोन वेगळ्या जिल्ह्यांतले, पिके वेगळी, वर्षे वेगळी. पण नत्राचे चोवीसच्या चोवीस आकडे दुसऱ्या दशांशापर्यंत तेच आणि त्याच क्रमाने होते. सतराव्या ओळीत दशांशचिन्हाच्या जागी चुकून पडलेला स्वल्पविरामसुद्धा दोन्हीकडे होता. आमच्या अंकातला निबंध नंतरचा होता आणि त्याचा साम्य-अहवाल, म्हणजे मजकूर इतरांच्या लेखनाशी किती जुळतो हे सांगणारा सॉफ्टवेअरचा अहवाल, अवघा नऊ टक्क्यांचा होता.

हा नऊचा आकडा मला आजही बोचतो. विद्यापीठ अनुदान आयोगाच्या २०१८ च्या नियमांत वाङ्मयचौर्याचे स्तर टक्केवारीने ठरवले आहेत: दहा टक्क्यांपर्यंतच्या साम्याला दंड नाही, आणि पुढे दहा ते चाळीस, चाळीस ते साठ व साठच्या वर अशा पायऱ्यांनी लेख मागे घ्यायला लावण्यापासून वेतनवाढ रोखण्यापर्यंत आणि मार्गदर्शक म्हणून काम करण्यास मनाई करण्यापर्यंत कारवाई आहे. नियम आले हे चांगलेच झाले. परंतु सॉफ्टवेअर शब्द जुळवून पाहते. वाक्ये नव्याने लिहिली आणि आकडे मात्र न मोजताच भरले, तर ते त्याला दिसत नाही. 'प्लेजरिझम रिपोर्ट क्लिअर आहे' एवढ्यावर निर्धास्त होणाऱ्या मार्गदर्शकांना मी हे पुन्हा पुन्हा सांगते.

त्या दिवशी राग आला होता. संबंधित प्राध्यापकांचा फोन क्रमांक समोर होता; तरी मी फोन केला नाही. 'कमिटी ऑन पब्लिकेशन एथिक्स' ही संस्था, जिला आम्ही 'कोप' म्हणतो, १९९७ मध्ये ब्रिटनमधल्या वैद्यकीय नियतकालिकांच्या संपादकांनी सुरू केली, आणि अशा प्रसंगी कोणते पाऊल कशानंतर टाकायचे याचे तक्ते तिने करून ठेवले आहेत. त्यांनुसार आधी लेखकाला पुराव्यासह, आरोपाचा सूर न लावता, खुलासा विचारायचा आणि मूळ नोंदी मागायच्या. उत्तर आले नाही किंवा पटले नाही, तर त्यांच्या संस्थेला लिहायचे. आमच्या लेखकांनी उत्तर दिले नाही. संस्थेने चौकशी समिती नेमली आणि तिचा निष्कर्ष हाती यायला अकरा महिने लागले. इतका वेळ लागतो याबद्दल लोक संपादकांना बोल लावतात, आणि तो राग मला समजतो. पण प्रयोगशाळेच्या वह्या ताब्यात घेण्याचा अधिकार आम्हाला नसतो. आमच्या हाती होते ते एवढेच, की या निबंधातील आकड्यांविषयी गंभीर शंका आहे आणि चौकशी चालू आहे, अशी सूचना निबंधाच्या माथ्यावर लगेच लावावी. ती आम्ही लावली.

मधल्या काळात तिन्ही सहलेखकांना स्वतंत्र पत्रे गेली होती. त्यांतल्या एकाचे उत्तर आले. एम.एस्सी.ला असताना पहिल्या जिल्ह्यातले नमुने त्याने गोळा केले होते, आणि दुसऱ्या निबंधावर आपले नाव आहे हे त्याला आमच्या पत्रावरूनच कळले होते. पहिल्याच दिवशी रागाच्या भरात सगळी नावे जाहीर केली असती, तर तो मुलगा नोकरीच्या प्रत्येक मुलाखतीत ते ओझे घेऊन गेला असता.

सहलेखकांची ही फरफट जुनी आहे. चंदीगडच्या पंजाब विद्यापीठातले विश्वजित गुप्ता यांनी हिमालयात सापडल्याचे सांगितलेले कित्येक जीवाश्म मोरोक्को, न्यूयॉर्क राज्य अशा ठिकाणचे दिसतात, हे ऑस्ट्रेलियाचे जीवाश्मतज्ज्ञ जॉन टॅलेंट यांनी १९८९ मध्ये 'नेचर'मध्ये मांडले. गुप्ता यांच्या निबंधांना देशोदेशीचे सहलेखक होते. त्यांतल्या अनेकांनी हाती आलेला नमुना प्रामाणिकपणे तपासला होता. तो कुठून आला हे मात्र त्यांनी गुप्ता यांच्या शब्दावर मानले होते. आमच्या प्रकरणानंतर आम्ही एक नियम केला: निबंध येताच प्रत्येक लेखकाला थेट पत्र जाते आणि प्रत्येकाची संमती आल्याशिवाय तो समीक्षेला जात नाही.

निबंध मागे घेतल्याची सूचना लिहायला मला पाच खर्डे लागले. कोणता निबंध, कोण मागे घेत आहे, कोणत्या तक्त्यातले कोणते आकडे अविश्वसनीय ठरले आणि कोणाचा त्यात सहभाग नव्हता, हे सगळे दहा-बारा ओळींत, विशेषणे न वापरता लिहायचे होते. 'लेखकांच्या विनंतीवरून मागे घेतला' एवढ्यावर सूचना संपवण्याची पद्धत मला मान्य नाही. त्यातून गैरकृत्य झाकले जाते आणि प्रामाणिक चूक कबूल करणाऱ्यावर उगाच संशय येतो. रसायनशास्त्राच्या नोबेल विजेत्या फ्रान्सिस अर्नोल्ड यांनी २०२० च्या जानेवारीत आपला 'सायन्स'मधला निबंध मागे घेत असल्याचे स्वतःच जाहीर केले. प्रयोग पुन्हा करून पाहता तसा निकाल येत नाही, हे कारण त्यांनी सरळ सांगितले, आणि त्यांचा मान कमी झाला नाही.

आपल्याकडे ही जबाबदारी आता आणखी वाढली आहे. २०१८ मध्ये विद्यापीठ अनुदान आयोगाने मान्य नियतकालिकांच्या आपल्या यादीतून ४,३०५ नियतकालिके काढली. नंतर आयोगाचीच 'केअर' ही नवी यादी आली, जिच्या कामात पुण्याच्या सावित्रीबाई फुले विद्यापीठातल्या केंद्राचा मोठा वाटा होता. आणि २०२५ मध्ये ती यादीही बंद करून नियतकालिकांची पारख संस्थांवरच सोपवली गेली. पैसे घेऊन चार दिवसांत निबंध छापणाऱ्यांकडे तक्रार ऐकणारा संपादकच नसतो. त्यामुळे नियतकालिक निवडताना त्यांनी निबंध मागे घेतल्याच्या सूचना कुठे आणि कशा लिहिल्या आहेत, हे आधी पाहा, असे मी संशोधकांना सांगते. अशी एखादी सूचना दिसली म्हणून त्या नियतकालिकाला नाकारू नका.

आमच्याकडे आता आलेल्या प्रत्येक निबंधाची संदर्भसूची मागे घेतलेल्या निबंधांची नोंद ठेवणाऱ्या 'रिट्रॅक्शन वॉच'च्या नोंदींशी ताडून पाहिली जाते; २०२३ पासून त्या सर्वांना विनामूल्य खुल्या आहेत. गेल्या वर्षी त्या तपासणीत आमचाच तो चोवीस आकड्यांचा निबंध एका नव्या हस्तलिखिताच्या संदर्भसूचीत सापडला. लेखिका पीएच.डी. करत होती आणि तिच्याकडे निबंधाची जुनी झेरॉक्स होती, कोणा सीनियरने दिलेली. मी तिला फक्त दुवा पाठवला. तिने पान उघडले, शिक्का पाहिला, सूचना वाचली आणि स्वतःच्या कामातली त्या आकड्यांशी केलेली तुलना काढून तो भाग नव्याने लिहून तीन आठवड्यांनी पाठवला.