अ‍ॅबर्डीनला आधी विचारायचं: वारा कुठून आहे?

अ‍ॅबर्डीन बंदराच्या तोंडाशी फुटडी नावाची कोळ्यांची जुनी वस्ती आहे. इथले लोक तिला फिटी म्हणतात. १८०९ साली आखलेली ही बैठी दगडी घरं चौकाभोवती दाटीने उभी आहेत. सगळ्यांची दारं चौकात उघडतात आणि पाठ समुद्राकडे. समुद्रावर पोट असलेल्या माणसांनी घरं अशी का बांधली असतील, हे मला इथले एक-दोन हिवाळे काढल्यावर कळलं.

घरून फोन आला की सगळे थंडीची चौकशी करतात. थंडीचं काही नाही हो, अंगावर चार कपडे चढवले की भागतं. स्कॉटलंडच्या या ईशान्य किनाऱ्यावर दिवस कसा जाणार ते वारा ठरवतो. तो किती जोराचा आहे, याच्याही आधी कुठून आहे ते बघायचं.

अटलांटिकवरून येणारे कमी दाबाचे पट्टे बहुतेक वेळा स्कॉटलंड आणि आइसलंडच्या मधून पुढे सरकतात. तेव्हा आमच्याकडे वारा नैऋत्येचा. पश्चिमेची बेटं झोडपून, हायलँड्सचे डोंगर ओलांडून तो इथवर पोचतो तेव्हा त्याचा जोर बराच ओसरलेला असतो. पण तोच पट्टा उत्तर समुद्रात उतरला की वारा उत्तरेचा किंवा पूर्वेचा होतो. मग मध्ये आडवं काहीच नाही, थेट नॉर्वेपर्यंत उघडं पाणी. लाटा एवढ्या चढतात की मोठी जहाजंसुद्धा बंदरात न शिरता बाहेरच थांबतात.

२६ नोव्हेंबर २०२१ला ‘आर्वेन’ वादळ आलं ते असंच, उत्तरेकडून. हवामान खात्याने लाल इशारा दिला होता. इंग्लंडच्या उत्तर टोकाला नॉर्थंबरलँडमध्ये ताशी ९८ मैलांचा, म्हणजे जवळजवळ १५८ किलोमीटरचा झोत नोंदला गेला. इथल्या झाडांची मुळं पिढ्यान्‌पिढ्या नैऋत्येच्या वाऱ्याला तोंड देत रुजलेली. उलट्या बाजूने मार बसला आणि जंगलंच्या जंगलं आडवी झाली. काही खेड्यांत आठवड्याहून जास्त दिवस वीज नव्हती, तीही नोव्हेंबरच्या अखेरीला, जेव्हा दुपारी साडेतीनलाच अंधारून येतं. ऑक्टोबर २०२३चं ‘बाबेट’ पूर्वेच्या वाऱ्यावर पाऊस घेऊन आलं आणि ब्रेकिन गावात नदीचं पाणी घराघरांत शिरलं.

पूर्वेचा वारा मंद असला तरी भरवसा नाही. वसंतात, उन्हाळ्यात उबदार हवा थंड समुद्रावरून येते आणि तिचं दाट धुकं होतं. इथे त्याला ‘हार’ म्हणतात. शहराबाहेर थोडं आत गेलं की लख्ख ऊन, आणि किनाऱ्यावर समोरचा दिव्याचा खांबही दिसत नाही. माझा नवरा समुद्रातल्या तेलाच्या प्लॅटफॉर्मवर काम करतो. हार उतरला की हेलिकॉप्टरं अडकतात आणि त्याचं घरी येणं लांबतं. त्या दिवशी पोळ्या लाटायच्या आधी मी खिडकीतून बाहेर बघून घेते.

आपल्याकडे बंदरावर तीन नंबरचा बावटा लागला की होड्या किनाऱ्याला लागतात. इथे हे काम १८६१मध्ये रॉबर्ट फिट्झरॉय यांनी सुरू केलं. डार्विनला घेऊन गेलेल्या ‘बीगल’ जहाजाचे कप्तान ते हेच. बंदरावर काळा शंकू चढवायचे. टोक वर असलं तर वादळ उत्तरेकडून, खाली असलं तर दक्षिणेकडून. म्हणजे तेव्हाही पहिली खबर दिशेचीच! तरीही १४ ऑक्टोबर १८८१ला, हवेचा दाब दाखवणारा पारा घसरलेला असताना, स्कॉटलंडच्याच आयमाउथ गावच्या होड्या शांत समुद्र बघून बाहेर पडल्या. आधीचे दिवस घरात बसून गेले होते, चूल पेटायला हवी होती. त्या वादळात १८९ कोळी गेले, त्यातले १२९ एकट्या आयमाउथचे. किनाऱ्यावरून बायका बघत होत्या. हे वाचलं त्या दिवशी मला दुसरं काही सुचलं नव्हतं.

आता बीबीसीच्या रेडिओवर समुद्राचं हवामान सांगतात: क्रॉमर्टी, फोर्थ, फोर्टीज अशी एकेका भागाची नावं घेत. त्यात ‘इमिनंट’ म्हटलं तर वादळ सहा तासांच्या आत, ‘सून’ म्हणजे सहा ते बारा तासांत, ‘लेटर’ म्हणजे त्याच्याही पुढे. नवरा तिकडे असला की मी ते ऐकल्याशिवाय झोपत नाही.

हिवाळ्यात इकडे येऊन उत्तरेची शेटलंड बेटं बघायचा बेत असेल, तर तिथल्या लर्विक बंदरातून परतीची बोट आणि भारताचं विमान यांच्यामध्ये दोन दिवस मोकळे ठेवा. वारा फिरला तर बोट सुटत नाही.