गुंतवळ आणि किटण

ब्रशमधली गुंतवळ सगळेच काढतात. निदान दाते दिसेनासे झाल्यावर तरी. रोज 50 ते 100 केस गळणं ही डोक्याची नेहमीची रीत आहे, त्यामुळे तिची काळजी नको. खरी गोष्ट तिच्या खाली असते. दात्यांच्या बुडाशी राखाडी लव साचलेली दिसते ना, ती. टाळूच्या कातडीचा भुगा, उशीच्या अभ्र्याचे तंतू, धूळ, वाळलेलं जेल. या सगळ्याला डोक्यातलं तेल खळीसारखं धरून ठेवतं आणि त्याचं किटण होतं. नुकत्याच धुतलेल्या केसांतून तोच ब्रश फिरतो, केस संध्याकाळपर्यंत चिकट होतात आणि बोल लागतो शॅम्पूला.

गुंतवळ कोरडी असतानाच काढावी. ओली झाली की ती दात्यांना चिकटून बसते. बोटांनी हिसका देऊ नये. केस तुटून त्यांचे तुकडे मुळाशी राहतात, आणि गादीचा ब्रश, म्हणजे दाते रबरी गादीत बसवलेला, असेल तर एखादा दाताच हातात येतो. बारीक शेपटीच्या कंगव्याचं टोक दोन ओळींच्या मधून केसांखाली सरकवायचं आणि वर उचलायचं. चांगली जमलेली गुंतवळ अखंड निघते, छोट्याशा गालिच्यासारखी. यात एक क्षुल्लक पण खरं समाधान आहे. गोल ब्रशवर ती घट्ट गुंडाळलेली असते, म्हणून तिथे आधी कात्रीनं मुठीपासून टोकापर्यंत तीन-चार उभ्या चिरा द्याव्यात.

पुढचं काम शॅम्पूचं. डोक्यातलं तेल काढण्यासाठीच तो बनलेला असतो, त्यामुळे निराळं काही आणायला नको. दोन पेले कोमट पाण्यात एक चमचा पुरे. उकळतं पाणी नको: प्लास्टिक वाकतं, डिंक सुटतो.

एकसंध प्लास्टिकचा ब्रश या पाण्यात दहा-पंधरा मिनिटं खुशाल बुडवावा. किटण हट्टी असेल तर अर्धा चमचा खाण्याचा सोडा घालावा. पण गादीच्या ब्रशला हाच लाड केला की तो कामातून गेला. त्याच्या रबरी गादीत टाचणीच्या टोकाएवढं एक छिद्र असतं. ते मुद्दाम ठेवलेलं असतं: गादी दबली की आतली हवा तिथून बाहेर पडते, सुटली की परत येते. ब्रश बुडवला की हवेच्या जागी पाणी शिरतं, आणि परत निघण्याची त्याला घाई नसते. काही दिवसांनी कुबट वास येतो तो आतल्या बुरशीचा. घाणीपेक्षा अशा आंघोळीनंच जास्त ब्रश वाया जात असावेत. म्हणून छिद्रात दात कोरायच्या काडीचं टोक बसवावं, ब्रश दाते खाली करून धरावा आणि जुना टूथब्रश त्या पाण्यात बुडवून ओळीओळीतून फिरवावा. लव बुडाशी असते. टोकं घासून काही होत नाही. शेवटी ओल्या फडक्यानं दोनदा पुसायचं, आणि ती काडी आठवणीनं काढायची.

लाकडी ब्रशही भिजत ठेवू नये. लाकूड फुगतं, पॉलिश तडकतं. डुकराच्या राठ केसांचे ब्रश असतात त्यांना सोडा लावू नये. तेही केसच आहेत, आपल्यासारखेच खरखरीत होतात.

घरात उवा झाल्या तर मात्र कोमट पाण्यावर भागत नाही. 54 अंश सेल्सियसच्या वर तापलेल्या पाण्यात 5 ते 10 मिनिटं ब्रश ठेवावा लागतो. गादीच्या ब्रशला हे सोसणार नाही. तो दोन-तीन दिवस बाजूला ठेवावा, कारण डोक्यावरून उतरलेली ऊ एक-दोन दिवसांपलीकडे सहसा जगत नाही.

वाळवताना दाते खाली, टॉवेलवर, रात्रभर. कडक उन्हात रबर चिरतं. गुंतवळ दोन-तीन दिवसांनी आणि धुणं पंधरा दिवसांनी. रोज तेल लावणाऱ्यांनी आठवड्यानं.

सकाळी गादी कानाजवळ धरून अंगठ्यानं दाबून पाहावी. नुसती हवा सुटली तर ठीक. पचपच आवाज आला तर अजून एक दिवस तसाच पालथा.