कानातला मळ काढायचाय? मग आधी आत बघणारा माणूस गाठा

स्वतःचा कान स्वतःला दिसत नाही आणि तरी सगळ्यात जास्त कोरणं आपलं तिथंच चालू असतं. बड, हेअरपिन, गाडीची किल्ली, काडेपेटीची काडी, हाताला येईल ते. बाजारात पेटी घेऊन फिरणारे कान साफ करणारेही अजून कुठं कुठं दिसतात आणि लोक भर उन्हात त्यांच्यापुढं कान धरून बसतात. माझं म्हणणं एकच आहे, ज्याला कानाच्या आतलं स्पष्ट दिसतंय त्यानंच आत काहीतरी घालावं, बाकी कुणी नाही.

मुळात मळ म्हणजे घाण नव्हे. कानाची नळी मोठ्या माणसात साधारण अडीच सेंटीमीटर, त्यातल्या बाहेरच्या भागातल्या ग्रंथी हा चिकट पदार्थ तयार करतात, तो धूळ अडवतो, कातडी कोरडी पडू देत नाही, जंतूंना आणि बुरशीला आवर घालतो. आणि गंमत म्हणजे आतली कातडी पडद्याकडून हळूहळू बाहेर सरकत असते, बोलताना, भाकरी चावताना जबडा हलतो त्याचीही मदत होते, त्यामुळं जुना मळ बहुतेकांचा आपोआप बाहेर येतो. आपण बड घालतो तेव्हा कापसाला थोडा मळ लागतो आणि वाटतं झालं साफ, पण बाकीचा पडद्याकडं ढकलला जातो, जिथून तो स्वतःहून परत यायचा नाही. कितीतरी बडच्या डबीवरच लिहिलेलं असतं की कानाच्या नळीत घालू नका, वाचतं कोण.

आमच्या घरात सासऱ्यांचं, अण्णांचं असंच झालं. टीव्हीचा आवाज वाढत वाढत शेजारपर्यंत जायला लागला, फोन स्पीकरवर, आणि एक गोष्ट तीनदा सांगायची. सगळे म्हणाले वय झालं आता, ऐकू यायचं मशीन घ्या. मी म्हटलं मशीनच्या आधी कान तरी दाखवूया, म्हणून सांगलीहून मिरजेला कान-नाक-घसावाल्या डॉक्टरांकडं घेऊन गेले. त्यांनी दुर्बीण घातली आणि स्क्रीनवर दाखवलं. पडदा कसा असतो तर राखाडी, मोत्यासारखा चकचकीत. अण्णांच्या दोन्ही कानांत पडदा दिसतच नव्हता, नुसती काळपट तपकिरी भिंत.

लगेच काढला नाही हे मला फार आवडलं. वाळून खडा झालेला मळ ओढला की कातडी सोलते, रक्त येतं, म्हणून आधी मऊ करायचे ड्रॉप्स दिले आणि काही दिवसांनी बोलावलं. ड्रॉप्सनं मळ फुगतो, मधले दिवस कान जास्तच बंद वाटेल, हे त्यांनी आधीच सांगून ठेवलं होतं ते बरं, नाहीतर अण्णा दुसऱ्याच दिवशी "औषधानं उलट बहिरा केला मला" म्हणून बाटली फेकायला निघाले होते. मग मायक्रोस्कोपखाली बघत मळ ओढून घेणारी बारीक सक्शनची नळी. आवाज मोठा येतो, हे पेशंटला आधी सांगावं, घाबरून डोकं हललं तर पंचाईत. डॉक्टर म्हणाले, "काका, डोकं अजिबात हलवायचं नाही, चक्कर वाटली तर हात वर करा, मी थांबतो." डाव्या कानातून डाळिंबाच्या दाण्याएवढा खडा निघाला. अण्णांनी वर बघितलं आणि म्हणाले, "अगं, हा पंखा एवढा वाजतोय होय!"

ऐकू येणं पूर्ण परत आलं असं मात्र नाही, थोडं वयाचं आहेच. पण ऑडिओमेट्री, म्हणजे किती ऐकू येतं त्याचा आलेख काढायची तपासणी, मळ काढल्यानंतरच करायची असते, नाहीतर मळामुळं कमी झालेलं पण त्या आलेखात धरलं जातं आणि मशीनचा हिशोबच चुकतो. आणि ज्यांनी मशीन लावलंय त्यांचा मळ नीट बाहेर पडत नाही, मशीनचं तोंडही त्यानं बंद होतं, त्यांनी अधूनमधून कान दाखवत राहावं.

पिचकारीनं धुणं हीपण चांगली पद्धत आहे, पण पाणी अंगाच्या तापमानाचं हवं, गार किंवा गरम गेलं की गरगरतं. पडद्याला भोक असेल, कानाचं ऑपरेशन झालेलं असेल, कान वाहत असेल तर पाणी नको, आणि शुगर असेल तर तेही न विचारता सांगून टाका कारण अशांना कानाचं इन्फेक्शन जड जातं. इअर कॅंडल, म्हणजे कानात धरून पेटवायची पोकळ मेणबत्ती, ती तर विसराच, जळल्यावर नळीत दिसतं ते मेणबत्तीचंच मेण असतं.

लसूण घालून कडकडीत केलेलं तेल हे आपल्याकडं घरोघरी, आजीच्या मायेनंच केलेलं असतं मान्य आहे, पण भाजलेले कान बघितले की अंगावर काटा येतो. पावसाळ्यात ओलसर कानात तेल म्हणजे बुरशीला आमंत्रण, मग खाज, मग परत काडी. कृष्णेत पोहून आल्यावर मान कलती करून पाणी निथळू द्यायचं, टॉवेलनं बाहेरून पुसायचं, बास.

लहान पोरं हुरड्याच्या दिवसांत कानात जोंधळा, हरभरा घालून घेतात. तिथं पाणी घालू नका, दाणा फुगून रुततो. घड्याळाचा गोल सेल गेला असेल तर तासभरसुद्धा थांबायचं नाही, तो आतून भाजतो. जिवंत किडा गेला असेल आणि कान आधीपासून फुटलेला नसेल तर साधं खोबरेल तेल घालून त्याला मारायचं आणि मग काढायला डॉक्टरकडं.

आणि एक, एका कानाचं ऐकू येणं अचानक गेलं, दुखत नाही, वाहत नाही, तर मळ असेल म्हणून ड्रॉप्स घालत बसू नका. नस दुखावलेली असू शकते आणि त्याचं औषध सुरुवातीच्या दिवसांतच काम करतं, म्हणून त्याच दिवशी, फार तर दुसऱ्या दिवशी सकाळी पहिला नंबर लावून कान दाखवा.