त्याच शब्दावर

रविवार, रात्री

आज चर्चमध्ये दोन्ही उपासनांना बसले. एरवी नऊची झाली की मी निघते. आज संडे स्कूलला बाई नव्हत्या म्हणून थांबले, आणि मुलं लवकर सुटली तेव्हा साडेअकराच्या उपासनेत अगदी मागच्या बाकावर जाऊन टेकले. गेले नसते तर आत्ता झोपलेली असते.

वचन उधळ्या पुत्राचं होतं, सगळं उधळून घरी परतणाऱ्या मुलाला पाहून बाप धावत येतो ती येशूची गोष्ट. नऊच्या उपासनेत बाप धावत येतो तिथवर पाळकसाहेब आले आणि 'धावत' या शब्दाशी त्यांचा आवाज अडकला. त्यांनी चष्मा काढला, अंगठ्याने डावा डोळा पुसला, थोडा वेळ काहीच बोलले नाहीत. मागे कीबोर्डवर अगदी हळू सूर सुरू झाला. मी रडले. माझ्या शेजारची रडली. सगळीकडून नाक ओढल्याचे आवाज येत होते.

साडेअकराला पुन्हा 'धावत'. पुन्हा चष्मा, पुन्हा तोच अंगठा, तोच डावा डोळा. कीबोर्डवरच्या मुलाने मात्र चष्मा निघायच्या आधीच बोटं पट्ट्यांवर आणून ठेवली होती. सकाळी मी पुढे बसते, डोळे मिटलेले असतात, त्यामुळे हे कधी दिसलंच नव्हतं.

आणि तरीही माझ्या डोळ्यांत पाणी आलं. सगळं उघड दिसत असताना आलं. संध्याकाळपासून एवढंच डोक्यात आहे: ते पाणी कोणाचं होतं?

पाळकसाहेब लबाड आहेत असं मला मुळीच म्हणायचं नाही. आईच्या वेळी रात्री दोन वाजता आले होते ते. तेव्हा कीबोर्ड नव्हता, बोलायलाही कोणाला काही सुचत नव्हतं, नुसते बसून राहिले होते... ते आत्ता नको. शिवाय आई मला एकच गोष्ट शेकडो वेळा सांगायची आणि दर वेळी त्याच जागी थांबायची. मी त्या थांबण्याचीच वाट पाहत असायची. ठरवलेलं थांबणं म्हणजे खोटं, असं कसं म्हणू?

पण आईची गोष्ट संपली की मी झोपायची. आज सूर चालू असतानाच बाकांवरून इमारत निधीची कार्डं फिरली. डोळे पुसत पुसतच मी आकडा लिहिला. दरमहाचा. आत्ता हिशेब मांडला तर तो मला झेपणारा नाही. गीत संपून दिवे पूर्ण लागल्यावर कार्ड हातात आलं असतं तर मी एवढा लिहिला नसता, हे मला माहीत आहे. आणि कार्डं कधी फिरवायची हे ज्यांनी ठरवलं, त्यांनाही ते माहीत असणार.

माझ्याच वाट्याला हे का, असं वाटतंय. बाकीचे सगळे सुखाने घरी गेले. मला एवढी एकच जागा होती जिथे मी विचार न करता बसू शकायची, तीही गेली.

मंगळवार

दोन दिवस वाचतेय. वाटलं होतं हे सगळं माइक आणि दिवे आल्यानंतरचं असेल. तसं नाही. अमेरिकेतले उपदेशक चार्ल्स फिनी यांनी 1835 मध्येच व्याख्यानांत सांगून ठेवलंय की संजीवन, म्हणजे लोकांत श्रद्धा नव्याने जागी होणं, हा चमत्कार नव्हे, योग्य साधनं योग्य रीतीने वापरली की येणारं ते फळ आहे. त्यांच्या सभांत पुढे एक बाक रिकामा ठेवत. ज्याला आपल्या आत्म्याची चिंता वाटते त्याने उठून, सगळ्यांच्या देखत, तिथे येऊन बसायचं. आणि याला जोरदार विरोध झाला तो चर्चच्या आतूनच. जॉन नेव्हिन हे ईश्वरविज्ञान शिकवणारे प्राध्यापक. त्यांनी 1843 मध्ये त्या बाकाविरुद्ध लिहिलं. बाकापर्यंत चालत जाणं म्हणजेच पश्चात्ताप, अशी माणसाची समजूत होऊन बसते, हा त्यांचा मोठा आक्षेप. हे वाचून मला रडूच आलं, आणि या वेळी सूर नव्हता. म्हणजे असं वाटणारी मी पहिली नाही, आणि वाटलं म्हणून विश्वासातून पडलेही नाही.

मानसशास्त्रज्ञ सॉलोमन ॲश यांचे 1951 चे प्रयोगही वाचले. एका खोलीत सातआठ माणसं, समोर रेघा, कोणती रेघ नमुन्याएवढी ते सांगायचं. एक सोडून बाकी सगळे आधीच शिकवून बसवलेले, ते एकमताने चुकीची रेघ सांगतात. तो एकटा जवळजवळ दर तीन वेळांत एकदा त्यांच्या मागे जातो. डोळ्यांना धडधडीत दिसत असताना! मग आम्ही तर डोळे मिटून बसतो.

पण माझी झोप उडवली ती त्याच्या पुढच्या भागाने. खोलीत एकजण जरी बरोबर उत्तर देणारा बसवला, तरी त्या बिचाऱ्याच्या चुका पाव हिश्श्यावर येतात. एकच माणूस पुरतो.

आमच्या घरसंगतीत, म्हणजे घरी भरणाऱ्या छोट्या प्रार्थनासभेत, ती ताई होती.

दशांशाचा, म्हणजे कमाईचा दहावा हिस्सा देवाला देण्याचा विषय निघाला होता. न देणाऱ्यावर शाप, असं म्हणून बायबलातला मलाखी वाचला गेला. ताईने शांतपणे विचारलं, हे इस्राएलला सांगितलंय ना, मग ख्रिस्ताने शाप वाहून नेल्यावर तो आपल्यावर परत कसा येतो? एवढंच. मला तोच प्रश्न कितीतरी दिवस पडलेला होता. मी मान खाली घालून बायबलची पानं उलटत राहिले, जणू काही शोधतेय. पुढच्या आठवड्यात आम्हाला सांगण्यात आलं, तिच्यासाठी प्रार्थना करा, ती परीक्षेतून जातेय, पण सध्या जरा अंतर ठेवा. आम्ही प्रार्थना केली. अंतरही ठेवलं.

गुरुवार

रॉबर्ट लिफ्टन नावाचे मानसोपचारतज्ज्ञ होते. चीनमध्ये ज्यांच्यावर 'विचारसुधारणा' लादली गेली होती अशा लोकांशी बोलून त्यांनी 1961 मध्ये लिहिलं, त्यात एक खूण अशी आहे: विचार जिथल्या तिथे थांबवणारी ठरीव वाक्यं. आमच्या मंडळीचा तिथल्या त्या सक्तीशी काहीही संबंध नाही, हे स्वतःला बजावूनच मी वाचत होते. पण वाक्यं आठवत गेली. 'देवाच्या सेवकाविरुद्ध बोलू नये.' 'हा सैतानाचा हल्ला आहे.' 'ती परीक्षेतून जातेय.' शेवटचं तर मी स्वतः तिघींना सांगितलंय. ताईचं काय झालं असं कोणी विचारलं की ते तोंडात तयार असायचं, आणि एकदा म्हटलं की पुढे कोणी विचारायचं नाही. मीही नाही.

काल रात्रीपर्यंत मी मनात म्हणत होते, मला वापरलं गेलं. आज तसं म्हणून सुटता येत नाहीये. आयलीन बार्कर या समाजशास्त्रज्ञ बाईंनी युनिफिकेशन चर्चच्या शिबिरांचा वर्षानुवर्षं अभ्यास केला. नवख्यांवर प्रेमाचा नुसता वर्षाव करण्यासाठी सत्तरच्या दशकात प्रसिद्ध झालेली ती संस्था. बार्कर यांनी 1984 मध्ये मांडलेला आकडा असा, की शिबिराला आलेल्यांपैकी जवळजवळ 90 टक्के लोक सामील झालेच नाहीत. एवढा वर्षाव झेलूनही उठून घरी गेले. म्हणजे रेटा असतो, खरा असतो, पण त्यात माणूस अगदीच नाहीसा होत नाही. मला कोणी बांधून ठेवलेलं नव्हतं. ताईचा नंबर माझ्या फोनमध्ये होता.

दुपारी चर्चच्या ऑफिसात फोन करून कार्डावरचा आकडा बदलून घेतला. पलीकडच्या बाई म्हणाल्या, काही अडचण आहे का, पाळकसाहेबांशी बोलाल का? मी म्हटलं, बोलेन, अडचण नाही. खरंच बोलणार आहे. कार्डं उपासनेनंतर दारापाशी ठेवा, इतकंच सांगायचंय. ते चिडणार नाहीत असं वाटतं. चिडले तर तेही कळेल.

रविवारी मी जाणार आहे. बहुधा पुन्हा रडेनही. बाप धावत येतो तिथे मला रडू येणार, कोणी कीबोर्ड वाजवो न वाजवो, आईनंतर ते तसंच झालंय. ते पाणी माझं आहे. कार्ड माझं नव्हतं. एवढं वेगळं करायला मला पाच दिवस लागले.

आठ वाजता ताईला फोन लावला. चार रिंग झाल्या, तेव्हा ठेवून द्यावा असं वाटलं. मग तिचा आवाज आला. जेवणखाण, तब्येत, काही नाही. थोडा वेळ गप्प होती, आणि मग अगदी हळू विचारलं:

"तुला कोणी सांगितलं का गं, मला फोन करायला?"

"नाही ताई."

"नक्की?"

"नक्की. माझी मीच केला."

ती रडायला लागली, आणि पलीकडे दुसरा कसलाही आवाज नव्हता.